दुकान एकच, अडत्याही तोच: कंपनी व्यवहार मंत्र्यांना बेळगावातून खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थ आणि कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

आपण राज्यसभेवर कर्नाटकातून निवडून गेला आहात. म्हणजे कागदोपत्री का होईना, आमच्याच प्रतिनिधी. एवढ्या एका नात्याच्या हक्कावर हे पत्र लिहितोय.

बेळगावच्या शहापूर भागात माझं मोबाइलचं छोटं दुकान आहे. कूपन नखाने खरवडून चौदा आकडी नंबर गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचो, तेव्हापासून गल्ल्यावर बसतोय. आता रिचार्ज घरबसल्या होतो, त्यामुळे माझ्याकडे लोक येतात ते स्क्रीनगार्ड, चार्जर, फुटलेली काच आणि 'हे ॲप कुठं गेलं जरा बघा की' एवढ्यासाठी. शेवटचं काम फुकट असतं आणि वेळ सगळ्यात जास्त तेच खातं.

हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही, हे आधीच सांगतो. बेळगावातून मराठीत काही लिहिलं की दिल्ली-बेंगळुरूपर्यंत सगळ्यांच्या भुवया वर जातात, म्हणून. विषय फोनमधल्या ॲपच्या दुकानाचा आहे. मात्र सीमाभागात वाढलेल्या माणसाला हा विषय जरा वेगळ्या बाजूने कळतो. ती बाजू आपल्यापर्यंत पोचावी म्हणून हा खटाटोप.

माझी भाची इथेच शिकून इंजिनिअर झाली. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आमच्या गावात आहे, तेव्हा इंजिनिअर आम्हाला काही कमी नाहीत. कमी आहे ते त्यांना इथे थांबायला कारण. तिच्या वर्गातले बहुतेक जण पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेले. ती थांबली. मैत्रिणीला बरोबर घेऊन तिने एक ॲप केलं: मराठी शाळेतल्या मुलांना कन्नड वाचायला शिकवणारं.

याची गरज बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमच्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो. बसची पाटी कन्नड, वीजबिल कन्नड, तहसील कचेरीतला फॉर्म कन्नड. मराठी शाळेतल्या पोराला कन्नड विषय असतो, पण तो परीक्षेपुरता. उतारा हातात आला की आजोबा विचारतात, 'काय लिवलंय रे?' आणि दहावी झालेलं पोरगं गप्प. भाचीच्या ॲपमध्ये हा उताराच धडा म्हणून आहे. सर्व्हे नंबर कुठे लिहितात, खातेदाराचं नाव कुठल्या रकान्यात, बोजा कुठे चढवतात. एकेका शब्दावर बोट ठेवलं की तो कन्नडमध्ये ऐकू येतो आणि खाली मराठीत अर्थ दिसतो. आवाज तिच्या मैत्रिणीचा. ती चिक्कोडीकडची, घरात कन्नड आणि गल्लीत मराठी अशी वाढलेली, म्हणून दोन्ही उच्चार स्वच्छ. मी स्वतः त्या ॲपवरून पासष्टीतल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या शेताचा नंबर वाचायला शिकताना बघितलंय. नंबर वाचून झाल्यावर त्यांनी फोन माझ्याकडे दिला नाही. दुसरा उतारा उघडला, भावाचा.

वर्षाची फी 120 रुपये ठेवली. पहिले दहा धडे फुकट.

या 120 मधले 18 रुपये ॲपचं दुकान घेतं. 15 टक्के. मोठ्यांना 30 टक्के लागतात, छोट्यांना 15, म्हणजे ही सवलत म्हणायची. भाचीने तीही तक्रार न करता मान्य केली. दुकान सांभाळायचं तर भाडं लागणारच, मलाही लागतं.

आमचं घोडं अडलं पुढे. खानापूरकडच्या बऱ्याच आयाबापांना फोनमधून पैसे भरायची भीती वाटते. ते बाजारच्या दिवशी बेळगावात आले की माझ्या दुकानात रोख 120 द्यायचे आणि मी भाचीला नाव कळवायचो. तिने ॲपमध्ये एका पानावर दोन ओळी टाकल्या: 'शाळांनी एकत्र नोंदणीसाठी आमच्याशी थेट बोलावं. फी शहापूरच्या दुकानात भरली तरी चालते.' खाली माझा नंबर आणि एक क्यूआर कोड.

जून महिना, शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. ती सकाळी दुकानात आली, चेहरा पडलेला. 'मामा, काढून टाकलं.' ॲप दुकानातून गायब. मेल आला होता इंग्रजीत: पेमेंटच्या धोरणाचा भंग. कुठल्या ओळीत, कुठल्या पानावर, काही नाही. तिने अपील केलं, त्याला दहा मिनिटांत उत्तर आलं आणि तेही शब्दशः पहिल्यासारखंच. दहा मिनिटांत कोणत्या माणसाने वाचलं असेल? चौथ्या-पाचव्या प्रयत्नात तिला स्वतःच अंदाज आला की तो क्यूआर कोड आणि 'दुकानात भरली तरी चालते' ही ओळ बोचतेय. दोन्ही काढलं, पुन्हा पाठवलं. एकूण 19 दिवस गेले. तोवर शाळा सुरू झाल्या, वह्यापुस्तकांची खरेदी उरकली आणि आयाबापांच्या खिशात त्या वर्षापुरते पैसे उरले नाहीत.

हे कुठलं दुकान, ते मी इथे लिहीत नाही. भाचीने हात जोडून सांगितलंय, मामा नाव नको, पुन्हा काढतील. या देशात मंत्र्याला उघड पत्र लिहिता येतं, पण फोनमधल्या दुकानाचं नाव लिहायला घरचीच माणसं घाबरतात, एवढं आपण ध्यानात घ्यावं.

आता जरा शेताकडे येतो, कारण मला ही गोष्ट तिथूनच समजली.

माझे वडील तालुक्याच्या पश्चिम भागातले, रताळी करायचे. बेळगावची रताळी नवरात्राच्या आणि महाशिवरात्रीच्या आधी ट्रक भरभरून उत्तरेकडे जातात, हे आपल्याला ठाऊक असेल. वडील पोती मार्केट यार्डात आणायचे, अडत्याकडे टाकायचे, लिलाव व्हायचा, मग अडत, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात यायची. पट्टी बघून वडिलांनी शिव्या दिल्या नाहीत असा एक हंगाम मला आठवत नाही. पण त्या शिव्यांनंतर ते काय करायचे? पुढच्या खेपेला शेजारच्या अडत्याकडे जायचे. यार्डात अडते रांगेने होते. एकाने जास्तच कापलं, वजनात मारलं, तर दुसरा होता. दुसरा फार भला होता असं नाही. दुसरा आहे, एवढ्यावरच पहिला ताळ्यावर राहायचा.

फोनमध्ये काय होतं? यार्ड एक, अडत्या एक. यार्डाचा मालकही तोच, काटाही त्याचाच. लिलावात तो स्वतःचीही रताळी मांडतो आणि आपलं पोतं पुढे, तुमचं मागे ठेवतो. पट्टीवर 15 किंवा 30 टक्के कापतो. आणि वरची अट ही, की पोत्यावर तुम्ही आपल्या शेताचा पत्ता लिहायचा नाही. 'थेट शेतावर आलात तर स्वस्त पडेल' असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगितलं तर पोतं यार्डाबाहेर.

यार्डाबाहेर तर बाहेर, असं आमच्या गल्लीतले काही जण म्हणतात. भारतात शंभरातल्या नव्वदहून जास्त स्मार्टफोनांत अँड्रॉइड आहे. उरलेल्यांत आयफोन, आणि त्यांचं दुकान तर त्याहून बंद. बाहेर म्हणजे कुठे जायचं?

आपल्याला हे सगळं माझ्याआधीपासून माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. भारतीय स्पर्धा आयोग आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतला. त्याने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला एका आठवड्यात दोन दंड ठोकले: अँड्रॉइडच्या प्रकरणात 1,337.76 कोटी, आणि प्ले स्टोअरमधल्या पेमेंटच्या सक्तीसाठी 936.44 कोटी. त्या दिवशी माझ्या दुकानात दोन इंजिनिअरिंगची पोरं पेढे घेऊन आली होती. मी त्यांना म्हटलं, पेढे ठेवा, अजून वरचं कोर्ट आहे.

तसंच झालं. अँड्रॉइडच्या प्रकरणाची चौकशी एप्रिल 2019 ला सुरू झाली होती. मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. त्यांतला एक आमच्या मुळाशी होता: प्ले स्टोअरमधून दुसरी ॲप-दुकानं उतरवू द्या, हा. पेमेंटच्या प्रकरणाची चौकशी नोव्हेंबर 2020 ची. त्यात मार्च 2025 मध्ये 936 कोटींचे 216.69 कोटी झाले. आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात.

आता सीमाभागातल्या माणसाची बाजू म्हणालो ती हीच. महाराष्ट्राने सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केला. तेव्हा जन्मलेलं पोरगं आता मतदान करतं. दावा कोणाचा बरोबर, या वादात आज मला पडायचं नाही. पण 'न्यायप्रविष्ट' हा शब्द आमच्याकडे पोरांना बाराखडीबरोबर येतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असलं की कोणीच काही करायचं नसतं. ज्याच्या हातात आज ताबा आहे तो निवांत असतो आणि ज्याच्या हातात नाही तो वाट बघतो. निकाल उद्या कसाही लागो, मधली वर्षं ताबेदाराचीच. आम्हाला हे कोणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

तंत्रज्ञानाच्या धंद्यात तर वर्ष म्हणजे पिढी. माझ्या भाचीचे 19 दिवस गेले तर तिचा हंगाम गेला. तिने आयोगाकडे तक्रार केली असती, वकील दिला असता, पाच-सहा वर्षांनी निकाल तिच्या बाजूने लागला असता, तरी तोवर तिच्या ॲपवर शिकायचं वय असलेली मुलं कॉलेजात गेली असती. आणि वकील द्यायला पैसे कुठून? 120 रुपयांतल्या 102 मधून?

म्हणूनच 12 मार्च 2024 ला आपल्या मंत्रालयाने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. भाचीने तो इंग्रजी अहवाल दोन रात्री जागून वाचला आणि मला दुकानात बसून मराठीत सांगितला. त्याची कल्पना सोपी आहे. चूक झाल्यावर वर्षानुवर्षं चौकशी करण्याऐवजी मोठ्या कंपन्यांना आधीच सांगून ठेवायचं: हे करायचं नाही. स्वतःचा माल पुढे ढकलायचा नाही. व्यापाऱ्यांची खासगी माहिती वापरून त्यांच्याशीच स्पर्धा करायची नाही. बाहेरची ॲपं बसवायला आडकाठी नाही. एक घेतलं तर दुसरं गळ्यात मारायचं नाही. आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडचा भाव सांगण्यापासून व्यापाऱ्याला अडवायचं नाही. मोडलं तर जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड.

हे कोणाला लागू? भारतातली उलाढाल 4,000 कोटी, किंवा जगातली 30 अब्ज डॉलर, अशा आकड्यांपैकी एखादा गाठलेला हवा आणि शिवाय भारतात किमान 1 कोटी वापरणारे किंवा 10,000 व्यापारी त्यांच्यावर अवलंबून हवेत. मसुदा आल्यावर छोट्या धंद्यांचा गळा घोटला जाईल अशी ओरड झाली. खडे बाजारात फिरून या, गणपत गल्लीत फिरून या, उद्यमबागच्या फाउंड्र्या मोजा. 4,000 कोटींची उलाढाल कुठे सापडली तर मला कळवा, मी तिथे नोकरीला लागतो.

तर मसुद्यावर 15 मे 2024 पर्यंत सूचना घेतल्या. त्यानंतर आम्ही वाट बघतोय. वाट बघायची सवय आहे म्हटलं, त्याचा अर्थ आवड आहे असा नाही.

विरोधाचा एक मुद्दा मात्र मला खरा वाटतो आणि तो मी टाळणार नाही. दुकान उघडं केलं तर चोर शिरतील. हे मी बेंगळुरूतल्या कोणाहीपेक्षा जवळून बघतो. गेल्या लग्नसराईत नंदगडकडचे एक गृहस्थ फोन घेऊन आले. व्हॉट्सॲपवर पुतण्याच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली, त्यांनी उघडली. 'फोन आपणच मेसेज पाठवूलालाय बघा,' म्हणाले. पत्रिका म्हणजे एपीके फाइल होती, उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. त्यांच्या फोनवरून तीच पत्रिका सगळ्या भावकीला गेलेली. खात्यातून पैसे गेले होते की नाही ते बघायला बँकेला फोन लावला, तेवढ्यात भावकीतले आणखी दोघं दुकानाच्या पायरीवर उभे. एकाने विचारलं, लग्न कधी आहे.

पण या गोष्टीत एक खोच आहे. आजच्या बंद दुकानाच्या राज्यातच ही पत्रिका आली. बंदोबस्त होता, तरी आली. आणि ज्यांनी खरं, तपासलेलं, दुसरं दुकान उघडलं त्यांचीही फाइल त्याच खिडकीतून, त्याच लाल इशाऱ्यातून जाते. फोनपेवाल्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस ॲपस्टोअर काढलं, मराठी-कन्नडसकट 12 भारतीय भाषांत. ते प्ले स्टोअरवर मिळत नाही, वेगळं उतरवून घ्यावं लागतं. मी हौसेने गिऱ्हाइकाला बसवून देतो तर फोन बजावतो की ही फाइल धोक्याची असू शकते. गिऱ्हाईक माझ्याकडे अशा नजरेने बघतं, जणू मीच लग्नपत्रिका पाठवली. चोराला आणि नोंदणीकृत दुकानदाराला एकच इशारा दिला, की काही दिवसांनी लोक इशारा वाचायचंच सोडतात. माझ्या मते सुरक्षेचं खरं नुकसान तिथे होतं.

मसुद्यात फसवणूक रोखणं आणि सायबर सुरक्षा यांचा विचार करायची तरतूद आहे असं भाचीने सांगितलं. ती राहू द्या. फक्त सुरक्षेचं कारण पुढे केलं तर ते सिद्ध करायची जबाबदारी कारण देणाऱ्यावर टाका. नाहीतर सुरक्षा हा शब्द यार्डाच्या फाटकावरचं कुलूप होईल आणि किल्ली पुन्हा त्याच अडत्याकडे.

दुसरी भीती मला मसुद्याबाहेरची आहे, आणि तिच्यावर जरा रेंगाळतो, कारण सगळी चलाखी इथे होते. दक्षिण कोरियाने 31 ऑगस्ट 2021 ला कायदा केला, जगात पहिला: ॲपच्या दुकानाने स्वतःच्याच पेमेंटची सक्ती करायची नाही. कंपन्यांनी मान तुकवली. म्हणाल्या, ठीक, दुसऱ्या मार्गाने पैसे घ्या. पण आमचं कमिशन 30 ऐवजी 26. म्हणजे पैसे तुम्ही गोळा करा, पेमेंटवाल्याचा खर्च तुम्ही सोसा आणि आमचा वाटा आणून द्या. पेमेंटवाल्याचे दोन-तीन टक्के धरले की हिशोब जिथल्या तिथे. अमेरिकेत एपिक या गेम कंपनीने ॲपलवर केलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी बाहेरची लिंक देऊ द्या म्हटलं, तर ॲपलने त्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर 27 टक्के लावले. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने तो आपल्या आदेशाचा अवमान ठरवला. आपल्याकडे गुगलने दुसऱ्या पेमेंटची सोय दिली ती 4 टक्क्यांच्या सवलतीवर: 15 चे 11, 30 चे 26. त्यावरही स्पर्धा आयोगाला मार्च 2024 मध्ये वेगळी चौकशी लावावी लागली.

माझ्या वडिलांना कोणी सांगितलं असतं की यार्डात येऊ नका, शेतावरच विका, फक्त शंभरातले 26 अडत्याला पोचते करा, तर त्यांनी त्याला बांधावरूनच परत लावला असता.

इथे मला आपल्याच सरकारची एक गोष्ट पुढे करायची आहे. खडे बाजारात भाजीवाली मावशी यूपीआयने वीस रुपये घेते, आणि वीसचे वीस तिच्या खात्यात पडतात. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, ही व्यवस्था आपणच अर्थमंत्री असताना झाली. जगात जिथे तिथे आपण ती अभिमानाने सांगता, आणि सांगावीच. मग त्याच मावशीची मुलगी ॲप विकते तेव्हा तोच यूपीआय, तेच खातं, तोच फोन, आणि 120 मधले 18 मध्येच कुठे जातात? दुकानाचं भाडं घ्या, जाहिरातीचे घ्या, तपासणीचे घ्या, आणि काय कशाचे ते पट्टीवर लिहा. जी विक्री दुकानाबाहेर झाली तिच्यावरचं कमिशन कायद्यानेच बंद करा. 'वाजवी शुल्क' असा गुळगुळीत शब्द घातलात तर वाजवी म्हणजे किती, यावर पुन्हा सहा वर्षं खटला.

बाकी जग थांबलेलं नाही, हे आपल्याला सांगायला नको. युरोपचा कायदा 7 मार्च 2024 पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला आणि गिऱ्हाइकाला बाहेरचा भाव सांगू दिला नाही म्हणून एप्रिल 2025 मध्ये ॲपलला 50 कोटी युरोंचा दंड झाला. जपानने 2024 मध्ये कायदा केला, तो 18 डिसेंबर 2025 पासून पूर्ण लागू. खुद्द अमेरिकेत, या कंपन्यांच्या घरी, खुल्या ॲप बाजाराचं विधेयक ऑगस्ट 2021 मध्ये दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून आणलं. 3 फेब्रुवारी 2022 ला समितीत 20 विरुद्ध 2 मतांनी पुढे गेलं आणि मग सभागृहात मतदानापर्यंत पोचलंच नाही. तिकडेही वाट बघणारे आहेत म्हणायचे.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. 1 मार्च 2024 ला गुगलने शुल्काच्या वादातून भारतातल्या काही नावाजलेल्या कंपन्यांची ॲपं प्ले स्टोअरमधून काढली. नोकरी, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी. मोठी माणसं, त्यांनी आवाज केला. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लक्ष घातलं, बैठक झाली, काही दिवसांत ॲपं परत आली. चांगलं झालं. माझ्या भाचीसाठी बैठक कोण लावणार? कोणी लावूही नये, मंत्र्यांना तेवढाच उद्योग नाही. त्यासाठीच तर कायदा लागतो: ज्याच्यासाठी कोणी बैठक लावत नाही त्याच्यासाठी.

त्या कायद्यात एक साधी गोष्ट लिहा. ॲप काढण्याआधी कारण सांगा, कुठल्या पानावरचं, कुठलं वाक्य ते दाखवून. अपील माणसाने वाचावं आणि सात दिवसांत उत्तर द्यावं. उत्तर अर्जदार मागेल त्या भारतीय भाषेत. 22 भाषा आठव्या अनुसूचीत आहेत, आणि जाहिराती विकताना या कंपन्यांना त्यांतल्या बऱ्याच येतात.

भाषेचं निघालं म्हणून सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटकाने कायदा केला, दुकानाच्या पाटीचा 60 टक्के भाग कन्नड हवा. मी पाटी बदलली. मनातून आवडलं का, ते सोडा. पण तो कायदा छापलेला होता. कोणी केला माहीत होतं, कुठल्या सभागृहात माहीत होतं, आमदाराला जाऊन बोलता आलं, वाटलं असतं तर कोर्टात जाता आलं असतं. नोटीस घेऊन माणूस आला, मी त्याला चहा पाजला, पंधरवड्याची मुदत मागितली, त्याने दिली. ॲपच्या दुकानाची पाटी कशी असावी, तिच्यावर कुठली ओळ नसावी, हे ठरवणारा कोण? त्याला चहा कुठे पाजायचा?

कर्नाटक सरकार बेंगळुरूच्या पलीकडे तंत्रज्ञान न्यायचं म्हणतं, 'बियाँड बेंगळुरू' अशी योजनाच आहे, आणि तिच्या हुबळी-धारवाड-बेळगाव टापूत आम्ही येतो. कार्यक्रमांना मी जाऊन आलोय, चहा-बिस्किटं उत्तम असतात. पण बेळगावच्या पोरीने केलेलं ॲप निपाणीच्या पोराला विकायला जो रस्ता आहे, तो जर एकाच फाटकातून जात असेल, तर बेंगळुरूच्या पलीकडे काय आणि अलीकडे काय.

ता. क. भाचीने या जूनसाठी नवी आवृत्ती तयार केलीय. त्यात वीजबिल वाचायचा धडा आहे आणि बसच्या पाट्यांचा. जिथे माझा नंबर होता ते पान तिने रिकामं ठेवलंय, काढलेलं नाही. आपल्या कचेरीतून कोणी या पत्राला उत्तर द्यायचं म्हटलं, तर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. फक्त 'या मेलला उत्तर देऊ नये' असं लिहिलेल्या पत्त्यावरून नको.

आपला विश्वासू,
एक मोबाइल दुकानदार,
शहापूर, बेळगाव